फौजीला सलाम सगळेच ठोकतात, पण त्याच्या पेन्शनचं गणित कुणाला माहितीये?

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं त्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी एका जवानाचा फोटो यायचा, बर्फात उभा, मिशांवर दव, खाली हिंदीत दोन ओळी, आणि त्याखाली तीस-चाळीस जोडलेले हात. त्याच ग्रुपवर माझा मामापण आहे. मामा १९८० ला अठराव्या वर्षी भरती झाला आणि १९९७ ला नाईक या हुद्द्यावरून पेन्शन आला. आमच्याकडे रिटायर झाला म्हणत नाहीत, 'पेन्शन आला' म्हणतात. मामा ग्रुपवर कधी काही टाकत नाही, पण त्याच सुमाराला त्याने एक मेसेज टाकला की ओरोपच्या नव्या टेबलात नाईक, १७ वर्षं सर्व्हिस, याला किती बसलंय ते कुणाला बघता येतं का. त्याला रिप्लाय शून्य. एक अंगठासुद्धा नाही.

मुद्दाम कुणी टाळलं असं नाहीये. ओरोप म्हणजे काय हेच कुणाला माहिती नव्हतं, मलाही नव्हतं, टीव्हीवर 'वन रँक वन पेन्शन' ऐकलेलं तेवढंच. मग एका रविवारी मामाकडे जाऊन बसलो आणि त्याच्याकडून समजून घेतलं, काही कागद वाचले, आणि तेव्हा लक्षात आलं की समाज सैनिकाची कदर करतो की नाही हा वाद आपण उगाच भावनेवर घालत बसतो. कदर आहे, भरपूर आहे. पण आपण कदर कशाची करतोय आणि त्याने दिलंय काय, हे दोन वेगळे हिशोब आहेत.

सगळ्यात आधी, दिलं काय?

त्याग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण गेले. त्या भागातल्या कुणालाही विचारा, हा आकडा तोंडपाठ असतो. पण त्या गावातून किती जण गेले आणि जिवंत परत आले, कितव्या वर्षी आले, आल्यावर काय केलं, हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही, कारण ते दगडावर कोरत नाहीत.

आणि गंमत अशी की बहुतेक फौजी जिवंतच परत येतात. दरवर्षी साठेक हजार माणसं तिन्ही दलांतून निवृत्त होतात. म्हणजे त्यागाची खरी सरासरी काढायची तर मरण सोडून दुसरं काहीतरी मोजायला पाहिजे, आणि ते दुसरं म्हणजे वय.

सैन्याला तरुण माणूस लागतो. सियाचीनला पन्नाशीचा शिपाई पाठवून चालत नाही. म्हणून शिपायाला साधारण पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान घरी पाठवतात, १५ वर्षं पूर्ण झाली की पेन्शनला पात्र. मामा सुटला तेव्हा ३५ चा होता. माझ्या मावशीचे मिस्टर राज्य सरकारात क्लार्क, ते ५८ ला रिटायर झाले. मधली तेवीस वर्षं गेली कुठं?

याचं गणित एकदा करून बघा. सरकारी पगाराला दरवर्षी ३ टक्के इन्क्रिमेंट लागते. एकही प्रमोशन मिळालं नाही, एकही वेतन आयोग आला नाही असं धरलं तरी नुसत्या ३ टक्क्यांनी तेवीस वर्षांत पगार जवळपास दुप्पट होतो. आणि पेन्शन असते शेवटच्या पगाराच्या निम्मी. म्हणजे नियम दोघांना सारखाच, 'शेवटच्या पगाराच्या ५० टक्के', पण एकाचा शेवटचा पगार ३५ व्या वर्षीचा आणि दुसऱ्याचा ५८ व्या. दोघांना एकाच मापाने दूध मोजून दिलं पण एकाची म्हैस अर्धं दूध दिल्यावरच सोडून नेली, असं ते आहे.

पूर्वी ही गोष्ट मान्य होती. १९७३ पर्यंत जवानाच्या पेन्शनचा हिशोब सिव्हिल नोकरांपेक्षा वेगळा आणि चांगला होता, मग तिसरा वेतन आयोग आला आणि दोघांना एका पट्टीत बसवलं. ७१ ची लढाई जिंकून जेमतेम दोन वर्षं झाली होती. जुने फौजी अजून ही तारीख काढतात, आणि काढताना आवाज जरा वर जातो.

वन रँक वन पेन्शन म्हणजे जुन्या वाड्याचं भाडं

आता ओरोप. यात एक दुसरीच गाठ आहे आणि लोक इथेच गोंधळतात.

पुण्यात पेठांमधे जुने वाडे असतात बघा. समजा मालकाने १९६० ला दोन खोल्या तीस रुपये भाड्याने दिल्या. आज शेजारच्या नव्या बिल्डिंगमधे तेवढ्याच दोन खोल्यांना पंधरा हजार भाडं आहे, पण वाड्याच्या मालकाला जुन्याच करारावर मिळतंय, कारण त्याने खोल्या चुकीच्या वर्षी दिल्या. खोल्या त्याच, गल्ली तीच, फरक फक्त कराराच्या तारखेचा.

जुना पेन्शनर म्हणजे हा वाड्याचा मालक. त्याची पेन्शन तो ज्या वर्षी सुटला त्या वर्षीच्या पगारावर ठरली. आमच्या गावात दुसरा एक नाईक आहे, तोही १७ वर्षंच नोकरी करून आला, पण तो सहावा वेतन आयोग लागू झाल्यावर सुटला, २००८ ला. दोघं एकाच पारावर बसतात. हुद्दा एक, वर्षं तेवढीच, मामा तर जास्त म्हातारा, त्याची गुडघेदुखी जास्त, आणि पेन्शन हजार-दीड हजाराने कमी. मामाला त्या पैशांपेक्षा एक वाक्य जास्त लागायचं, तो पोरगा हसत म्हणायचा 'मामा, तुम्ही लवकर जन्मला'.

वाड्याचं उदाहरण शंभर टक्के जुळत नाही हेही सांगून टाकतो. जुन्या पेन्शनरला महागाई भत्ता मिळतो आणि प्रत्येक वेतन आयोग त्याचीही पेन्शन वाढवतो, अगदी तीस रुपयांवर कुणी अडकलेला नसतो. पण आयोग जुन्यांना जेवढं देतो त्यापेक्षा नव्यांना जास्त देतो, आणि दर दहा वर्षांनी ही फट रुंदावत जाते. एवढी की वरच्या हुद्द्यावरून फार पूर्वी सुटलेल्याला आज खालच्या हुद्द्यावरून सुटणाऱ्यापेक्षा कमी पेन्शन, असे प्रकार झाले.

तर वन रँक वन पेन्शनची मागणी एवढीच: सारखा हुद्दा, सारखी नोकरीची वर्षं, तर पेन्शन सारखी, मग तू सुट कधीही.

मग २०१५ ला दिलं ना? अजून काय राहिलंय?

हा प्रश्न मी पण मामाला विचारला, आणि त्याने चहाचा कप खाली ठेवला.

दिलं, पण कसं दिलं ते बघा. २०११ च्या डिसेंबरमधे राज्यसभेच्या याचिका समितीने रिपोर्ट दिला, अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, तेच जे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले आणि भलत्याच कारणांनी गाजले. पण माजी सैनिक त्यांचा तो रिपोर्ट अजून पोथीसारखा जपतात, कारण त्यातल्या व्याख्येत एक शब्द होता: आपोआप. पुढे पेन्शन वाढली की ती जुन्यांनाही आपोआप लागू व्हावी. २०१४ च्या फेब्रुवारीत चिदंबरम यांनी बजेटमधे ओरोप मान्य केल्याचं सांगितलं आणि ५०० कोटी ठेवले, मग सरकार बदललं, नव्या सरकारचंही वचन होतंच, आणि तरी २०१५ च्या जूनपासून म्हातारे फौजी जंतरमंतरवर बसले होते. १४ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, त्यांना हटवायला पोलिस आले, धक्काबुक्की झाली, छातीवर मेडलं लावलेल्या माणसांचे ओढाताणीतले फोटो पेपरात आले. मामा तेव्हा दिल्लीला गेला नव्हता, पण तो पेपर त्याच्या काळ्या ट्रंकेत अजून आहे.

५ सप्टेंबर २०१५ ला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी घोषणा केली, नोव्हेंबरात आदेश निघाला. १ जुलै २०१४ पासून लागू. २०१३ साली त्या हुद्द्यावरून, तेवढ्या वर्षांची नोकरी करून जे सुटले त्यांच्यातली सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त पेन्शन घ्यायची, सरासरी काढायची, ती सगळ्यांना द्यायची, ज्याला आधीच जास्त मिळतंय त्याची कमी करायची नाही. आणि पुढची बरोबरी दर पाच वर्षांनी.

म्हणजे 'आपोआप' गेलं आणि 'पाच वर्षांनी' आलं. वाड्याच्या भाषेत, मालकाला बाजारभाव मिळणार पण करार पाच-पाच वर्षांचा, मधे शेजारचं भाडं वाढलं तर बघत बसायचं. फौजींचं म्हणणं, मग पाच वर्षं वन रँक वन पेन्शन नाहीच ना! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १६ मार्च २०२२ ला कोर्टाने सांगितलं की हा सरकारच्या धोरणाचा प्रश्न आहे, पाच वर्षांची अट घटनाबाह्य नाही, पण जुलै २०१९ ला जी बरोबरी करायची होती ती करा. ती कॅबिनेटने मंजूर केली डिसेंबर २०२२ मधे, साडेतीन वर्षं उशिरा, पंचवीस लाखांवर लोकांची. थकबाकीही हप्त्याहप्त्याने, शेवटी मार्च २०२३ मधे कोर्टाला तारखा आखून द्याव्या लागल्या की फेब्रुवारी २०२४ च्या आत सगळं संपवा. तिसरी बरोबरी १ जुलै २०२४ पासूनची, मामा ग्रुपवर विचारत होता ती हीच. आता आठवा वेतन आयोग बसलाय, म्हणजे फट पुन्हा उघडणार आणि पुन्हा पुढच्या बरोबरीची वाट.

सत्तर-ऐंशीच्या माणसाला साडेतीन वर्षं थांब म्हणणं आणि पस्तिशीच्या माणसाला म्हणणं यात फरक आहे, एवढंच मी म्हणेन.

फौजी गेला तरी 'कसा गेला' ते बघतात

हे मला अजिबात माहिती नव्हतं. जवान नोकरीत असताना गेला तर त्याच्या बायकोला कौटुंबिक पेन्शन मिळते, पण ती तीन प्रकारची असते. लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत गेला तर त्याचा शेवटचा पगार पूर्ण. ड्युटीवर, ड्युटीमुळे गेला, म्हणजे ट्रेनिंगमधला अपघात वगैरे, तर पगाराच्या ६० टक्के. आणि ज्याचा ड्युटीशी संबंध नाही असं ठरलं, समजा सुट्टीवर घरी आलेला असताना हार्ट अटॅक, तर साधी कौटुंबिक पेन्शन, पहिली दहा वर्षं ५० टक्के आणि नंतर ३० टक्के.

वर्गवारी करायला हरकत नाही, विमा कंपनीही करते. पण विचार करा, बारा वर्षं हाय अल्टिट्यूडला काढलेला माणूस सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी गावच्या एसटी स्टँडवर कोसळला तर ते कशामुळे हे ठरवणार कोण आणि कसं? गाव त्याला शहीदच म्हणतं, फ्लेक्स लागतो. कागदावर मात्र शहीद हा शब्दच नसतो, सैन्याच्या कागदात 'बॅटल कॅज्युअल्टी' असतं नाहीतर 'फिजिकल कॅज्युअल्टी', आणि तिथला एक शब्द बायकोच्या पुढच्या चाळीस वर्षांचं घर चालवतो. फ्लेक्स पंधरा दिवसात फाटतो.

आणि जखमी झालेल्याचं 'नाना'

अपंगत्वाच्या पेन्शनची गोष्टही याच घरातली. माणूस आजारी किंवा जखमी होऊन बाहेर पडला की मेडिकल बोर्ड बसतं आणि दोन गोष्टी ठरवतं, अपंगत्व किती टक्के, आणि ते नोकरीमुळे झालं का किंवा नोकरीमुळे वाढलं का. नोकरीमुळे झालंही नाही आणि वाढलंही नाही असं ठरलं तर 'नायदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रॅव्हेटेड' असा शेरा बसतो, त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून वाचायचं 'नाना'. मराठी पलटणीत त्यावर विनोद आहेत. मामाचा एक जोडीदार होता, पाठीचं हाड गेलेलं, तो म्हणायचा, आमच्या घरात आजोबा नाना, चुलता नाना आणि आता माझी पाठ पण नाना.

२०१३ मधे धरमवीर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सरळ तर्क मांडला. भरतीच्या वेळी तुम्हीच डॉक्टर लावून ठोकून-वाजवून घेतलं, तेव्हा कुठला आजार नोंदवला नाही, मग नंतर झाला तर तो नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सैन्याची, जवानाची नाही. तरीही लोक लष्करी न्यायाधिकरणात जातात, जिंकतात, सरकार अपिलात जातं, पुन्हा जिंकतात. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की सरकारचा वकील सरकार पगारावर ठेवतं आणि याला स्वतःचा वकील पेन्शनमधून करावा लागतो.

जखमींची कदर किती उशिरा होते याला आपल्या सांगली जिल्ह्यातलं उदाहरण आहेच. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, ६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमधे पोहण्यात सुवर्णपदक आणलं. पद्मश्री कधी? २०१८. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव, त्याच्याही नंतर. बावन्न-त्रेपन्न वर्षं. मधल्या काळात शाळेच्या पुस्तकात आम्हाला कुणी हे नाव सांगितलं नव्हतं. पुण्यात खडकीला मणक्याला मार बसलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे, कृत्रिम अवयव केंद्र तर त्याच्याही तीस वर्षं आधीचं, रोज हजारो लोक त्या रस्त्यांवरून जातात, मी पण सहा वर्षं गेलो, आत काय आहे ते विचारलं नव्हतं.

'पण त्यांनी स्वतःहून निवडलं ना? पगार घेतलाच की'

हा आक्षेप कमेंटमधे कुणीतरी टाकतोच, आणि त्याला देशद्रोही म्हणून गप्प बसवायची गरज नाही, कारण अर्धी गोष्ट खरी आहे. आमच्या भागात मुलं भरतीला पळतात ती सगळी भारतमातेसाठीच पळतात असं नाही, दीड एकर कोरडवाहू आणि तीन भाऊ हे पण कारण असतं. मामा स्वतःच सांगतो, बेळगावला भरतीच्या लायनीत उभा राहिलो तेव्हा मला सकाळी दूध आणि अंडं मिळतं एवढंच माहिती होतं.

पण स्वतःहून निवडलं म्हणजे ठरलेला मोबदला सोडून दिला असं होत नाही. पेन्शन ही बक्षिसी नाही, ती केलेल्या कामाचा मागे ठेवलेला पगार आहे. हे माझं वाक्य नाही फक्त, सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात असंच काहीसं म्हटलं, तेव्हापासून १७ डिसेंबर पेन्शनर दिन म्हणून पाळतात. त्या घटनापीठाचे प्रमुख होते यशवंतराव चंद्रचूड. आणि चाळीस वर्षांनी ओरोपचा निकाल देताना 'नकारा निकालाचा अर्थ वन रँक वन पेन्शन असा होत नाही' हे ज्या खंडपीठाने लिहिलं त्याचे प्रमुख त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. दोन्ही निकाल आपापल्या जागी, पण पारावर हे सांगितलं की लोक मान डोलवून हसतात.

'कॅन्टीन आहे, आरक्षण आहे, घरपट्टी माफ आहे…'

आहेत. कॅन्टीनमधे माल स्वस्त पडतो आणि बाटलीचा कोटा असतो, तो घेण्यापुरते नातेवाईक मामाला बरोबर ओळखतात. राज्य सरकारच्या गट क आणि ड भरतीत १५ टक्के समांतर आरक्षण आहे, घरपट्टीची माफी २०२० पासून शहरातही आली. २००३ पासून ईसीएचएस आहे, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, पैसे भरून सभासद व्हायचं, पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घ्यायची आणि ठरलेल्या खाजगी हॉस्पिटलात उपचार. योजना चांगलीच आहे, मामीच्या मोतीबिंदूचं त्यातच झालं. पण पॉलिक्लिनिक जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि बिलं थकली की काही हॉस्पिटलं या पेशंटांना घ्यायला का-कू करतात.

आरक्षणाचं असं की जागा आहेत पण माणूस त्यात बसत नाही. दहावीवर गेलेला पोरगा १५ वर्षं रेडिओ सेट, गाडी, तोफ सांभाळतो, पस्तिशीत येतो आणि त्याला एमएस-सीआयटी आणि मराठी टायपिंग मागतात. पंधरा वर्षांच्या नोकरीवर पदवीला समकक्ष धरतात खरं, पण परीक्षा तर बावीस वर्षांच्या अभ्यासू पोरांबरोबरच द्यायची. मग बँकेत शिपाई, नाहीतर एटीएमच्या बाहेर बंदूक, नाहीतर सोसायटीचं गेट. मामाने पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर नऊ वर्षं काढली. २६ जानेवारीला झेंडा त्याच्याकडून दोरी बांधून घ्यायचे, गाठ बरोबर त्यालाच यायची, आणि फडकवायला बोलवायचे चेअरमनला. मामाला त्याचं काही वाटायचं नाही, 'चेअरमननेच फडकवायचा असतो' म्हणतो. मला वाटतं.

'एवढा पैसा आणायचा कुठून?'

हा एकमेव आक्षेप मला खरोखर जड वाटतो. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, त्यातले १.६० लाख कोटी फक्त पेन्शनला. रुपयातले जवळपास चोवीस पैसे. यात संरक्षण खात्यातल्या सिव्हिल कर्मचाऱ्यांची पेन्शनपण आहे हे लोक विसरतात, सगळं फौजींच्या खात्यावर मांडतात, पण ते धरूनही रक्कम मोठीच आहे, आणि माणसं जास्त जगतात ही चांगली गोष्ट असल्यामुळे ती वाढतच जाणार. त्यात २००४-०५ नंतर लागलेल्या सिव्हिल नोकरांना जुनी पेन्शनच नाही, ते एनपीएसमधे गेले, म्हणजे पगारातून कापून गुंतवलेल्या पैशांवरची पेन्शन, मग माझा शिक्षक मित्र म्हणतो की तुझ्या मामाला मिळते आणि मला का नाही, तर त्यालाही माझ्याकडे चपखल उत्तर नाही. एवढंच सांगतो की तुला ५८ पर्यंत ठेवलंय आणि त्याला ३५ ला काढलं.

याच दुखण्यावरचं औषध म्हणून अर्ध्या लोकांनी ओळखलेला आणि अर्ध्यांनी न ओळखलेला उपाय म्हणजे अग्निपथ. त्याच्याकडे येतोच, त्याआधी एक छोटी गोष्ट. पुलवामात २०१९ ला जे ४० जवान गेले ते सीआरपीएफचे होते, त्यात दोन आपल्या बुलढाण्याचे. सीआरपीएफ, बीएसएफ ही दलं गृह खात्याखाली येतात, त्यांना ओरोप लागू नाही, ते 'माजी सैनिक' या व्याख्येत बसत नाहीत, आणि २००४ नंतर लागलेल्यांना एनपीएस. दिल्ली हायकोर्टाने २०२३ मधे जुन्या पेन्शनच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. आपण मेणबत्त्या लावताना कुठलं खातं ते विचारत नाही, खातं मात्र विचारतं.

चार वर्षांचा फौजी

जून २०२२ मधे अग्निपथ आलं. चार वर्षांसाठी भरती, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख सेवानिधी देऊन घरी. यातला निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. निमलष्करी दलांच्या भरतीत त्यांना राखीव जागा आहेत. पहिली बॅच २०२२ च्या अखेरीला आत गेली, म्हणजे २०२६ संपताना ती पोरं बाहेर यायला लागतील, बावीस-पंचवीस वर्षांची.

आमच्या गल्लीतला एक त्याच बॅचचा आहे. दिवाळीच्या सुट्टीला आला होता तेव्हा त्याची आई मामाकडे आली, हिशोब समजून घ्यायला. मामाने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनने मांडलं, अकरा लाख एकाहत्तर हजार, सात टक्के धरले तर वर्षाला ऐंशी-ब्याऐंशी हजार, महिन्याला सहा हजार आठशे. मुद्दलाला हात लावला नाही तर. शेजारी त्याने कमीत कमी सरकारी पेन्शनचा आकडा लिहिला, नऊ हजार, वर महागाई भत्ता, आणि दोन्हीच्या मधे एक उभी रेघ मारली. बाई रेघेकडे बघत राहिल्या. पण त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच होतं. आमच्याकडे फौजी म्हटलं की स्थळ चांगलं येतं, पेन्शन असते, कॅन्टीन असतं, मुलीचा बाप बिनघोर असतो, आणि मुलासाठी बोलणी चालू होती.

'दादा, चार वर्षांनी आला तर पाव्हण्यांना काय सांगायचं? माजी सैनिक सांगायचं का?'

मामा म्हणाला, 'तसं सरकार म्हणत नाही ताई.'

'मग पेन्शनर?'

'पेन्शन कुठंय.'

'मग काय म्हणायचं त्याला?'

मामाने पेनचं टोपण लावलं आणि आत मामीला चहा टाकायला सांगितलं.